करमणूक भरपूर, पण करमत नाही

या केसमध्ये पहिली चूक माझी होती, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

जगप्रदक्षिणेच्या क्रूझवर निघण्याआधी तीन आठवडे एक जोडपं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. 118 दिवसांचा प्रवास, दोघंही नुकतीच निवृत्त झालेली. स्वप्न यजमानांचं होतं. बाईंची हरकत नव्हती, पण धास्ती होती, आणि ती त्यांनी एका वाक्यात सांगितली : "चार महिने मी तिथे करू काय?"

लांबच्या प्रवासाला निघणारे बरेच जण हेच विचारतात. भीती बुडण्याची नसते, कंटाळ्याची असते. आणि ती अगदीच निराधार नसते. क्रूझचं जहाज वेगात असलं तरी 20 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटरनं जातं. लॉस एंजेलिसहून होनोलुलूला पोचायलाच जवळपास पाच दिवस लागतात. जगप्रदक्षिणेत निम्म्याच्या आसपास दिवस असे नुसत्या पाण्याचे, ज्यांना प्रवासी 'सी-डे' म्हणतात.

मी काय केलं? यादी दिली. व्याख्यानं, चित्रकला, पोहणं, नृत्याचा वर्ग, वाचायची राहिलेली पुस्तकं, रोजची डायरी. त्यांनी ती नीट लिहून घेतली. तेव्हा मी स्वतःवर चांगलीच खूश होते, हे आठवलं की आता ओशाळायला होतं.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांची परवानगी घेतली आहे. बाईंना इथे मी 'सिस्टर' म्हणेन. रुग्णालयातल्या नोकरीची शेवटची बारा वर्षं त्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर होत्या.)

प्रवासाच्या 79व्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. जहाज हिंद महासागरात होतं. चित्र मधूनच थिजायचं, आवाज पुढे निघून जायचा. सिस्टर केबिनमध्ये एकट्या होत्या. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "इथे सगळं आहे हो. म्हणूनच सांगायची लाज वाटते. मला करमत नाही."

पुढे त्यांनी टॉवेलची गोष्ट सांगितली. केबिनची साफसफाई करणारा मुलगा रोज टॉवेलची घडी घालून हत्ती, हंस, ससा असं काहीतरी करून पलंगावर ठेवायचा. पहिले पंधरा दिवस यांना कौतुक. मग एके दिवशी त्यांनी पलंग स्वतः आवरला, चादरीचे कोपरे रुग्णालयात लावतात तसे घट्ट काटकोनात लावले, टॉवेलही घडी घालून ठेवले. तिसऱ्या दिवशी तो मुलगा घाबऱ्या चेहऱ्यानं विचारायला आला, माझं काही चुकलं का? "त्याला काय सांगणार? की बाबा, मलाही काहीतरी करू दे?"

इथे मी मनात एक खूण करून ठेवली. पण आधी नेहमीची चौकशी. असं किती दिवस वाटतंय, झोप कशी आहे, भूक, मद्य, जगणं नकोसं वाटतं का, पूर्वी कधी नैराश्याचे उपचार झालेत का. लांबच्या प्रवासात माणूस खरंच आजारी पडू शकतो, आणि 'सुट्टीवर आहे, होईल ठीक' म्हणून ते अंगावर काढलं जातं. सिस्टरांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. एक गोष्ट मात्र सापडली : बोट लागू नये म्हणून त्या सातआठ आठवडे रोज एक गोळी घेत होत्या, समुद्र शांत असला तरी. या औषधांपैकी बऱ्याच औषधांनी गुंगी येते. औषधाचा निर्णय मी देत नाही. जहाजावरच्या डॉक्टरांना विचारा म्हटलं, त्यांनी विचारलं, रोजची गोळी थांबली. दुपारची सुस्ती उतरली. मूळ दुखणं तसंच राहिलं.

आणखी दोन गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या. अशा प्रवासाची तिकिटं टप्प्याटप्प्यानंही विकली जातात. काही जण पूर्ण फेरीला असतात, काही फक्त एका टप्प्यापुरते. सिस्टरांची जेवणाच्या टेबलावरची मैत्रीण 62व्या दिवशी सिडनीला उतरली. ती उतरणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तिच्या रिकाम्या खुर्चीचं दुःख त्यांनी दुःखात धरलंच नव्हतं. निघण्याआधी सहप्रवाशांशी ओळख झाली की 'तुम्ही कुठवर?' हे विचारून ठेवावं आणि एखादी तरी मैत्री पूर्ण फेरीवाल्याशी करावी, असं आता मी सुचवते.

दुसरी गोष्ट दिवसांच्या मोजणीची. रॉबर्ट बेक्टेल आणि एमी बर्निंग या संशोधकांनी 1991 मध्ये एक निरीक्षण मांडलं. अंटार्क्टिकावरच्या तळांसारख्या, बाहेरच्या जगापासून तुटलेल्या ठिकाणी माणसांचं मन बऱ्याचदा मुक्कामाच्या तिसऱ्या चतुर्थांशात खचतं, मुक्काम किती का मोठा असेना. निम्मं सरल्याचा आनंद ओसरलेला असतो आणि शेवट अजून दृष्टीत नसतो. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे सारखं आढळलेलं नाही, त्यामुळे मी याला नियम म्हणत नाही. पण 118 दिवसांतला 79वा दिवस बरोबर तिथेच बसतो, हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. "म्हणजे हे माझ्या कृतघ्नपणाचं लक्षण नाही तर." हा शब्द, कृतघ्नपणा, त्यांनी तोवर उच्चारला नव्हता. यजमान रोज विचारायचे, "तुला इथे कमी काय आहे?" ते प्रेमानंच विचारत. पण या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि उत्तर नसलं की माणूस गप्प होतो.

मग मी त्यांना पाच दिवसांचं काम दिलं. दिवसभरात जे जे कराल ते लिहायचं आणि पुढे दहापैकी दोन आकडे टाकायचे. एक, मजा किती आली. दोन, काही जमल्याचं, केल्याचं समाधान किती मिळालं. नैराश्यावरच्या उपचारांत ॲरन बेक यांनी वापरात आणलेली ही पद्धत आहे. साधीच, पण दोन रकाने वेगळे ठेवण्यात सगळी गंमत आहे.

सिस्टरांची वही नर्सेसच्या वहीसारखी होती : वेळ, नोंद, सही. सहीसुद्धा! जलरंगाचा वर्ग : मजा 6, समाधान 2. ज्वालामुखींवरचं व्याख्यान : 7 आणि 1. संध्याकाळचा संगीताचा कार्यक्रम : 6 आणि 0. माझ्या यादीतली झाडून सगळी मंडळी अशीच एका पायावर उभी होती. आणि चौथ्या दिवशी, रात्री एक ते साडेतीन : "शेजारच्या केबिनमधल्या बाईंना बोट लागली. जवळ बसले. थोडं थोडं पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मजा 2, समाधान 9."

त्याच दिवशी सकाळची एक बारीक नोंद होती, तिच्याकडे त्यांचंही लक्ष नव्हतं. लिफ्टसमोर एक वृद्ध बाई दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचा प्रयत्न करत होत्या. सिस्टरांनी तो त्यांना वाचून दाखवला. मजा 6, समाधान 8. वेळ, चार मिनिटं.

मी वहीतलं काही न सांगता विचारलं, या प्रवासातला सगळ्यात चांगला दिवस कोणता? मला वाटलं एखादं बेट सांगतील. त्या म्हणाल्या, पनामा कालवा. जहाज पायऱ्या चढल्यासारखं लॉकमधून, म्हणजे पाणी भरून जहाज उचलणाऱ्या बंदिस्त हौदांतून, 26 मीटर वर चढतं, बाजूच्या रुळांवरची इंजिनं तारांनी त्याला मधोमध धरून ठेवतात. सिस्टर सकाळी सहापासून कठड्याला होत्या. "कुणी आरडाओरडा करत नव्हतं. प्रत्येकाला पुढच्याचं काय चाललंय ते कळत होतं. अगदी आमच्या थिएटरसारखं." आणि थोडं थांबून, "फक्त मी काचेच्या अलीकडे होते."

ते वाक्य ऐकलं आणि माझी यादी का फसली ते मला लख्ख कळलं. मी त्यांना वेळ घालवायची साधनं दिली होती. वेळ तर आपसूक जात होता. जहाजावर करमणुकीची वाण नव्हती. वाण होती ती त्यांची कुणाला गरज असण्याची. पलंग दुसरा आवरणार, स्वयंपाक दुसरा करणार, कुठे जायचं ते कप्तान ठरवणार. चार दिवस हे स्वर्गसुख आहे. चार महिन्यांत, ज्या माणसाचं सगळं आयुष्य 'सिस्टर, जरा या' या हाकेवर गेलं, त्याला आपण हळूहळू पुसले जातोय असं वाटू लागतं.

एडवर्ड पॅरी नावाचा ब्रिटिश आरमारी अधिकारी 1819 मध्ये हेक्ला आणि ग्रायपर ही दोन जहाजं घेऊन उत्तर ध्रुवप्रदेशात गेला आणि मेल्व्हिल बेटापाशी बर्फात अडकून त्यांना हिवाळा काढावा लागला. जवळपास तीन महिने सूर्याचं दर्शन नाही. त्यानं दर पंधरवड्याला नाटक आणि दर आठवड्याला एक वर्तमानपत्र सुरू केलं. नट आणि लेखक जहाजावरचेच अधिकारी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच. रंगमंच उभारायचा, खेळ झाला की सोडवायचा, पुढच्या खेळाला पुन्हा उभारायचा, या खलाशांच्या खटाटोपाचंही मोल मोठं होतं, असं पॅरीनं स्वतः नोंदवून ठेवलंय. नाटकाइतकंच नाटकाच्या फळ्या ठोकण्याचं! सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या.

फळ्या कुठे ठोकायच्या, हा प्रश्न उरला. जहाजाच्या दवाखान्यात मदत करू का, असं त्या आधीच विचारून आल्या होत्या. नम्र नकार मिळाला. रास्तच होता, प्रवाशाच्या हाती रुग्ण देता येत नाहीत. शेजारणीला रोज बोट लागावी अशी अपेक्षा तर करता येत नाही. म्हणून आम्ही चार मिनिटांच्या नोंदीकडे वळलो.

त्या वृद्ध बाईंना डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. समोरचं नेमकं मधलं दिसायचं नाही. त्या सोबत तीन पुस्तकं घेऊन आल्या होत्या आणि एकही उघडलं नव्हतं. सिस्टरांनी विचारलं, आणि रोज दुपारी चारला, डावीकडच्या सावलीच्या डेकवर, पाऊण तास वाचन ठरलं. माझी एकच अट होती : वेळ पक्की हवी, आणि येणार नसाल तर कळवणं बंधनकारक. 'जमेल तसं' म्हटलं की ती पुन्हा करमणूक होते. कुणीतरी आपली वाट पाहतंय, न गेलो तर त्याचा खोळंबा होईल, हा काच हवाच. सुट्टीवरच्या माणसाला काच द्यायचा हे विचित्र वाटतं खरं. सगळ्यांना त्याची गरज नसतेही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं करता करता कंबर मोडून घेतली, अशा कित्येकांना चार महिने कुणीही हाक न मारणं हेच औषध असतं. कोण कुठल्या बाजूचं, ते दोन रकाने पाच दिवसांत सांगतात.

यजमानांशीही एक कॉल झाला. भला माणूस, पण बायकोनं प्रत्येक ठिकाणी आपल्याबरोबर असावं म्हणजेच प्रवास झाला, अशी समजूत. दोन पलंग आणि एक खिडकी एवढ्या जागेत 79 दिवस दोघं. ठरलं असं, की सी-डेला सकाळी दहा ते एक दोघांनी वेगवेगळं असायचं आणि जेवताना दुसऱ्याला माहीत नाही अशी एक तरी गोष्ट सांगायची. आणि एखाद्या बंदरावर न उतरणं हा गुन्हा धरायचा नाही. हे शेवटचं त्यांना जड गेलं. "एवढं लांब येऊन?" म्हणाले. पुढच्या बंदरात ते एकटे उतरले, सिस्टर रिकाम्या जहाजावर दुपारभर झोपल्या आणि चारला वाचायला गेल्या. त्या बाईही उतरल्या नव्हत्या.

झोपेचं त्यांचं मुळात बरं होतं, कारण जहाज पश्चिमेकडे चाललं होतं. तिकडे जाताना दर काही दिवसांनी घड्याळ एक तास मागे करतात, रात्र लांबते, शरीराला ते सोपं जातं. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर उलट, तास कापले जातात आणि दोन महिन्यांत माणसं चिडचिडी होतात. मार्ग निवडायची मुभा असेल तर याचाही विचार करावा. पश्चिमेच्या प्रवासाची भरपाई आंतरराष्ट्रीय वाररेषेवर होते, तिथे एक अख्खी तारीख गळते. सिस्टरांची गळाली ती नेमकी वाढदिवसाची. "या वर्षी मी मोठी झालेच नाही," असं त्यांनी नंतर आठवून वहीत लिहिलंय. मजा 8, समाधान 0.

पुढच्या पाच आठवड्यांत तीन कॉल झाले, प्रत्येक आधीपेक्षा छोटा. सगळे दिवस चांगले गेले असं नाही. अटलांटिकमध्ये दोन दिवस खवळलेले होते, एकदा नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं, आणि तीन पुस्तकांपैकी दुसरं इतकं कंटाळवाणं निघालं की दोघींनी संगनमतानं ते अर्ध्यावर सोडलं. शेवटच्या कॉलला सिस्टर मध्येच उठल्या. "ठेवते हं. चार वाजत आलेत."

परतल्यावर महिन्याभरानं पुन्हा त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मला वाटलं सिस्टर. यजमान होते. सिस्टर एका शुश्रूषा केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जायला लागल्या होत्या, घरी नव्हत्या. जहाजावर रोज सकाळी दाराखालून कार्यक्रमाचा कागद आत सरकायचा, तसं आता काही येत नाही, असं म्हणाले. थोडा वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "ते दोन रकान्यांचं मलाही करता येईल का?"

गुरुवारी साडेअकराची वेळ दिली आहे.