नोकरीत मन रमत नाही. इकिगाई म्हणजे जगण्याला मोल देणारं काहीतरी, या जपानी कल्पनेमुळे कामाला खरंच अर्थ सापडतो का?

सापडू शकतो, पण नेटवरचं ते चार वर्तुळांचं चित्र आधी बाजूला ठेवा. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा जिथे एकत्र येतात तो इकिगाई, ही जोडणी जपानची नाही. 2014 च्या सुमारास इंग्रजी ब्लॉगवरून ती पसरली. त्या चौकटीत स्वतःची नोकरी बसवायला गेलं की माणूस उगाच खट्टू होतो.

जपानीत ‘इकी’ म्हणजे जगणं आणि ‘गाई’ म्हणजे त्याचं मोल. नातवंडं, बाग, सकाळचा चहा, काहीही इकिगाई असू शकतं. पगार मिळालाच पाहिजे असं नाही.

जपानी मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी 1966 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, ते नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयातल्या अनुभवातून. तिथल्या दृष्टी गेलेल्या रुग्णांचं एक हार्मोनिका वाद्यवृंद होतं. बोटांची संवेदना गेलेली, म्हणून ते ब्रेलमधली स्वरलिपी जिभेने चाचपून पाठ करत. मला इकिगाई कळला तो हे वाचल्यावर. आपली कुणाला तरी गरज आहे आणि उद्या करण्यासारखं काहीतरी आहे, एवढं त्यांच्याकडे होतं.

म्हणून लगेच राजीनामा देऊ नका. पंधरा दिवस रोज रात्री वहीत एकच ओळ लिहा: आज कुठल्या कामात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? एखाद्या नवख्याला समजावताना असेल, किंवा अडलेला हिशोब सोडवताना. मग तेवढंच काम साहेबांकडे थोडं जास्त मागून घ्या.