गाडी रात्री कुठे उभी राहते, ते आधी पाहावे

पेट्रोल आणि इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या मालकांची मते इतकी परस्परविरोधी असताना कोणाचा अनुभव प्रमाण मानावा, असे आपण विचारले आहे. मी सात वर्षे पेट्रोलची एसयूव्ही चालवली असून गेली तीन वर्षे इलेक्ट्रिक वापरतो आहे. माझ्या मते बहुतेक मालक खरेच सांगतात. फरक पडतो तो त्यांची गाडी रात्री कुठे उभी राहते यावरून.

घरी चार्जर असलेला मालक चार्जिंगविषयी फारसे बोलतच नाही, कारण 60 युनिटची बॅटरी 7 किलोवॅटच्या चार्जरवर नऊ-दहा तासांत, म्हणजे झोपेच्या वेळेतच भरते. साध्या 3 किलोवॅटच्या सॉकेटवर तिला वीस तासांहून अधिक लागतात, परंतु रोजची धाव 40-50 किलोमीटर असेल तर ती पूर्ण रिकामी होतेच कुठे? जो केवळ सार्वजनिक चार्जरवर विसंबून आहे, त्याच्या वाट्याला मात्र रांगा, बंद पडलेली यंत्रे आणि बहुधा घरच्यापेक्षा महाग वीज येते. अशा व्यक्तीला मी पेट्रोलचीच गाडी सुचवेन, पर्यावरणाची कितीही कळकळ असली तरी.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. शहरापेक्षा महामार्गावर मायलेज वाढते, हा पेट्रोल गाडीचा अनुभव गृहीत धरून मी नवी गाडी पहिल्यांदा लांब नेली. पडद्यावर 340 किलोमीटर दिसत होते. ताशी 110 च्या वेगाने जेमतेम 260 मिळाले. कारण साधे आहे. शहरात ब्रेक लावताना मोटर काही ऊर्जा बॅटरीत परत पाठवते, महामार्गावर ती संधी क्वचित येते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एसयूव्हीसारख्या उंच, रुंद गाडीला तो अधिकच भोवतो. 60 युनिट म्हणजे जेमतेम सात लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. एवढ्या शिदोरीवर गाडी इतकी दूर जाते ती मोटर फारच थोडी ऊर्जा वाया घालवते म्हणून, परंतु शिदोरीच लहान असल्याने वेगाची उधळपट्टी लगेच जाणवते. शिवाय 80 टक्क्यांनंतर जलद चार्जिंग मंदावते, त्यामुळे प्रवासात बॅटरी काठोकाठ भरत बसणे परवडत नाही.

देखभालीचे म्हणाल तर ऑइल आणि स्पार्क प्लग यांचा खर्च संपतो व ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. टायर मात्र गाडीच्या वजनामुळे माझे लवकर झिजले. मुख्य बॅटरीवर अनेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात. माझी गाडी एकदा सकाळी सुरूच झाली नाही, ती छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीमुळे, आणि तीच बॅटरी पेट्रोलच्या गाडीतही असते.

तेव्हा मालकाला ‘गाडी कशी आहे?’ असे विचारू नका; तो ती कुठे चार्ज करतो आणि वर्षातून किती वेळा 300 किलोमीटरपलीकडे जातो, हे विचारा. शक्य झाल्यास तेच मॉडेल दोन दिवस भाड्याने घेऊन, कुटुंब आणि सामानासह, आपल्या नेहमीच्या सर्वांत लांबच्या रस्त्यावर न्या.