कुणीतरी विचारलंय: १९३२च्या ‘द ममी’ या चित्रपटात पट्ट्या गुंडाळलेली ममी जेमतेम दोन मिनिटं दिसते. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याला भयपट तरी का म्हणायचं?

थोडी दिसते म्हणूनच भयपट. पण “एवढा खटाटोप कशाला” हे वाचून राहवलं नाही. मी नाटकांची रंगभूषा करतो.

तो खटाटोप रंगभूषाकार जॅक पिअर्सचा. ममी झालेला नट बोरिस कार्लॉफ, त्याच्या चेहऱ्यावर कापूस, स्पिरिट गम (रंगभूषेचा डिंक) आणि कोलोडियनचे (वाळल्यावर कातडी आवळणाऱ्या द्रावणाचे) थर, केसांत चिखल, अंगभर भाजून जीर्ण केलेल्या पट्ट्या. सुमारे आठ तास! आणि पडद्यावर काय? पापणीची बारीक फट, किंचित सरकणारे हात, मग दाराबाहेर फरफटत जाणारी पट्टीची टोकं आणि वेड लागून हसत सुटलेला तरुण संशोधक. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड मूळचा छायालेखक. काय झाकायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे अर्दाथ बे म्हणून वावरणाऱ्या इम्होटेपचा, म्हणजे त्याच जिवंत झालेल्या ममीचा, सुरकुतलेला, कोरडाठाक चेहरा हीसुद्धा पिअर्सचीच रंगभूषा. म्हणजे ती दोन मिनिटांत संपतच नाही.

आमच्या एका प्रायोगिक नाटकात भुकेनं मेलेला बाप शेवटच्या प्रवेशात येऊन नुसता उभा राहतो. मी लेटेक्स आणि टिश्यू पेपरनं त्याची कातडी हाडांवर बसवली. रंगीत तालमीला दिग्दर्शक म्हणाले, “शेवटच्या रांगेतून काय दिसणार? पावडर मार आणि सोड.” प्रयोगाला पावडरच लागली. टाळ्या पडल्या, तेव्हापासून तेच बरोबर असं ते सगळीकडे सांगतात. माझं म्हणणं आजही तेच आहे: ती कातडी आधी नटासाठी असते. गाल ओढले गेले की त्याची मान वाकते, पाऊल जड पडतं, आणि ते शेवटच्या रांगेलाही दिसतं. पावडर लावलेला आमचा नट ताठ उभा होता.

चित्रपटाचा मधला भाग रेंगाळतो, नायिका हेलनचं प्रेम घाईत उरकलंय, आणि इजिप्शियन माणसं एक तर नोकर नाही तर गूढ, हे आज खटकतं. तरी सव्वा तासाचाच आहे, अंधारात आणि मोठ्या पडद्यावर बघा. मोबाईलवर ती पापणी दिसणारच नाही. आणि नाटक बसवत असाल तर रंगभूषाकाराला पहिल्या तालमीपासून बोलवा, प्रकाशयोजना करणाऱ्याच्या शेजारी बसवा. रंगीत तालमीच्या दिवशी रंगपटात ढकलू नका.