बीजीएमआयचं पॉइंट टेबल, स्टॅटिस्टिक्सची केटी आणि मोडायला काढलेली एफडी

ऐरोलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा वाशीच्या कॉलेजात बीएससी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला. बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचा भारतातला अवतार, खेळता खेळता त्याने एक छोटं सॉफ्टवेअर बनवलंय, ऑनलाइन टुर्नामेंट घेणारी पोरं मॅच संपली की रिझल्टचे स्क्रीनशॉट त्यात टाकतात आणि तयार पॉइंट टेबल हातात मिळतं. पाच-सहा जण त्याला पैसे देतात, कधी दोनशे कधी तीनशे. आता त्याला कॉलेज सोडून हाच धंदा करायचाय, प्रत्येक प्लेअरचे सगळे स्टॅट्स दाखवणारं मोठं अ‍ॅप काढायचंय, एक मित्र पार्टनर व्हायला तयार आहे, आणि बाबा, जे रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, ते दोन लाखांची एफडी मोडून त्याला गेमिंग पीसी घेऊन द्यायला निघालेत. ताई विचारतात, हे करिअर आहे का खूळ, आणि मी याला अडवू का नको. जाता जाता हेही लिहिलंय की चिरंजीवांना स्टॅटिस्टिक्समध्ये केटी लागलीय, म्हणजे विषय राहिलाय.

ताई, अडवू नका. पण एफडी मोडायची नाही आणि कॉलेजही सोडायचं नाही, या दोन गोष्टींवर ठाम राहा. कारण सांगतो.

खूळ नक्कीच नाहीये. गेमच्या आकड्यांवर चालणाऱ्या कंपन्या जगात कितीतरी वर्षं आहेत, डोटा या गेमचे आकडे दाखवणारी डोटाबफ आहे, कोरियाची ओपी डॉट जीजी आहे, आणि आपल्याकडे गल्लीतल्या मॅचचं स्कोअरिंग करून देणारं क्रिकहीरोज तर अहमदाबादचंच. पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटली, ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. पोराला पाच-सहा जण पैसे देतात. माझ्याकडे अ‍ॅपची आयडिया घेऊन येणारी मुलं भरपूर, पीपीटी चकाचक असतात, पण एका तरी माणसाने खिशातून दोनशे रुपये काढून दिलेत असं सांगणारा क्वचित. तुमच्याकडे तो आहे.

आता ते पैसे कशाचे मिळतायत ते नीट बघा, सगळं त्यातच आहे. कस्टम रूममध्ये, म्हणजे ऑर्गनायझरने उघडलेल्या खासगी मॅचमध्ये, १६ टीम, प्रत्येकी ४ प्लेअर, म्हणजे ६४ जण. पहिल्या टीमला १० पॉइंट, दुसरीला ६, तिसरीला ५, असं उतरत आठव्यापर्यंत, वर प्रत्येक किलचा, म्हणजे मारलेल्या प्लेअरचा, १. एका रात्रीत चार-सहा मॅच होतात आणि प्रत्येक मॅचनंतर ऑर्गनायझर रिझल्टचे चार-पाच स्क्रीनशॉट समोर ठेवून एक्सेलमध्ये हाताने भरत बसतो, प्लेअरची नावं असल्या चित्रविचित्र अक्षरांत लिहिलेली की वाचताही येत नाहीत, तिकडे ग्रुपवर "भाई टेबल कब आयेगा" सुरू, आणि रात्री एक वाजता टेबल टाकलं की कोणीतरी म्हणणार आमचा एक किल कमी लावलाय. ही कटकट तुमच्या मुलाने कमी केली, लोक त्याचे पैसे देतात. आकडे बघायचे कोणी देत नाही हो, आकडे भरत बसायची झोपमोड वाचते त्याचे देतात.

आणि तो नेमकं हेच सोडून दुसरीकडे निघालाय.

प्लेअरच्या स्टॅट्सचं मोठं अ‍ॅप ऐकायला मस्त आहे, पण पहिला प्रश्न, तो डेटा आणणार कुठून? पबजीची अधिकृत एपीआय, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला गेमचा डेटा द्यायची कंपनीने ठेवलेली सोय, आहे ती पीसी आणि कन्सोलच्या गेमची. आणि मोबाइलवर गेमच्या मेमरीतून माहिती ओढायची जुगाड कोणी सुचवत असेल तर तिथेच थांबवा, गेम कंपनीला ते हॅकच वाटतं, प्लेअरचं अकाउंट बॅन होतं आणि शिव्या तुमच्या पोराला पडतात. व्हॅलोरंट हा गेम बनवणाऱ्या रायट कंपनीची एपीआय आहे, पण तिथे सुरुवातीची डेव्हलपर की, म्हणजे डेटा उघडायची चावी, २४ तासांत एक्सपायर होते, दोन मिनिटांत १०० रिक्वेस्टची मर्यादा असते, पब्लिकसाठी अ‍ॅप आणायचं तर त्यांची मंजुरी लागते आणि व्हॅलोरंटमध्ये प्लेअरने स्वतः लॉगिन करून होकार दिल्याशिवाय त्याचे आकडे दाखवता येत नाहीत. हे नियम चुकीचे आहेत असं नाही, पण चावी दुसऱ्याच्या हातात आहे एवढं समजून घ्या.

यावर एक किस्सा त्याला मुद्दाम सांगा. स्टीमस्पाय नावाची साइट होती, सर्गेई गॅलिऑनकिन या माणसाने २०१५ मध्ये काढलेली. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवरची उघडी असलेली प्रोफाइलं थोडी थोडी तपासून कुठला गेम साधारण किती जणांकडे आहे याचा अंदाज तो द्यायचा, आणि गेम बनवणारे छोटे-मोठे सगळेच ते बघायचे. एप्रिल २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने प्रायव्हसीचं सेटिंग बदललं, कोणाकडे कुठले गेम आहेत ते आपोआप लपलं, झालं, ज्या पायावर साइट उभी होती तो पायच गेला. पुढे त्याने वेगळ्या पद्धतीने अंदाज देणं चालू ठेवलं पण पहिल्यासारखी अचूकता राहिली नाही. त्याची गेम इंडस्ट्रीत स्वतःची नोकरी होती, साइट हे त्याच्या घरचं रेशन नव्हतं. तुमचा मुलगा कॉलेज सोडून तेच रेशन करायला निघालाय.

उलट आत्ता जे चाललंय त्यात डेटा ऑर्गनायझरचा, स्क्रीनशॉट त्याने काढलेले, टुर्नामेंट त्याची. ते कोणी एका सेटिंगने बंद करू शकत नाही. फक्त गेम बंद होऊ शकतो, आणि हे आपण बघितलंय, पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये गेला, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून काढला तो मे २०२३ ला परत आला. त्या दहा महिन्यांत फक्त बीजीएमआयवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काय झालं असतं? म्हणून पॉइंट्सचा नियम कोडमध्ये पक्का लिहून ठेवू नको म्हणावं, सेटिंगमध्ये ठेव. फ्री फायरच्या टुर्नामेंटला १२, ९, ८, ७ असे पॉइंट असतात आणि टीम १२, तेही त्याच सॉफ्टवेअरमध्ये बसलं पाहिजे, उद्या सोसायटीची बॉक्स क्रिकेट लीगसुद्धा बसली पाहिजे. आणि एक टेक्निकल गोष्ट, प्लेअरची नावं मशीनने वाचायच्या नादात तो दोन महिने घालवेल, त्यापेक्षा स्लॉट नंबरवरून, म्हणजे रूममध्ये टीमला दिलेल्या जागेच्या नंबरवरून, टीम ओळखणं सोपं, स्लॉट लिस्ट तर ऑर्गनायझर आधीच लावतो. शेवटी माणसाने एकदा बघून "ओके" दाबायचं बटण ठेवावं, म्हणजे किलची भांडणंही तिथेच मिटतात.

आता जरा नाजूक विषय. त्याला पैसे देणारे ऑर्गनायझर कोण आहेत ते बसून विचारा. स्पॉन्सरच्या किंवा स्वतःच्या पैशाने बक्षीस देणारे वेगळे, आणि पन्नास रुपये एन्ट्री, पर किल दहा रुपये असल्या रूम चालवणारे वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन गेम चालवणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, गेम कौशल्याचा का नशिबाचा हा वादच ठेवला नाही. ड्रीम११ सारख्यांना पैशांच्या कॉन्टेस्ट बंद कराव्या लागल्या. ई-स्पोर्ट्सला कायदा मान्यता देतो, पण नोंदणी-मान्यतेच्या अटींसकट, कोणीही टेलिग्रामवर ग्रुप काढून ई-स्पोर्ट्स म्हटलं की होत नाही. त्यामुळे मुलाच्या सॉफ्टवेअरमधून एन्ट्री फी गोळा करणं, बक्षीस वाटणं, यातलं काहीही नको. पैसे फक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे, ऑर्गनायझरकडून, थेट. पर किलवाल्या रूमचं काम त्याने सरळ सोडावं, दोन गिऱ्हाइकं कमी होतील, होऊ देत. फॅन्टसीवाल्यांसाठी "आजची टीम" सांगणारं अ‍ॅप कर असंही कोणीतरी सुचवेल, त्या वाटेला तर मुळीच नको. शंका आली तर वकिलाला विचारा, मी करिअरवाला आहे, कायद्याचा शेवटचा शब्द माझा नाही.

याच्याच जोडीला, खेळणारी निम्मी पोरं शाळेतली असणार. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शनच्या कायद्यात १८ खालच्यांचा डेटा घ्यायला पालकांची संमती लागते. तेव्हा मोबाइल नंबर, जन्मतारीख वगैरे गोळाच करू नये. टीमचं नाव आणि स्लॉट नंबर पुरतो की.

धंद्याचे कागद फार नाहीत, उगाच घाबरू नका. प्रायव्हेट लिमिटेड काढायची घाई नको, दरवर्षीच्या ऑडिटचा आणि सीएचा खर्चच त्याच्या कमाईपेक्षा जास्त होईल. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या नावावरचा धंदा, ठेवा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर होतं आणि फुकट होतं, गुगलवर सरकारी दिसणाऱ्या साइट हजार-दोन हजार मागतात त्यांना देऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असली की आपल्याकडे शॉप अ‍ॅक्टला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. सर्व्हिसला जीएसटी वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर, तो दिवस आला तर मला पेढे द्या. अ‍ॅपच्या नावात गेमचं नाव किंवा लोगो वापरायचा नाही, स्वतःचं नाव ठेवायचं, जम चांगला बसला की ट्रेडमार्क करायचा, एकट्या माणसाला एका क्लासची ऑनलाइन फी ४५०० आहे.

प्ले स्टोअरचीसुद्धा सध्या गरज नाही. नवीन पर्सनल अकाउंटला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात, मग विक्रीतले १५ टक्के गुगल घेणार. ऑर्गनायझर लोक तसेही लॅपटॉपवर बसतात, साधी वेबसाइट करावी आणि पैसे यूपीआयने घ्यावेत. फक्त हे मॅचमागे दोनशे-तीनशे बंद करा, त्यात दर वेळी घासाघीस आणि आठवण करून द्यायची. महिन्याचा एकच रेट, आधी पैसे मग लॉगिन. मी त्याच्या जागी पाचशेपासून सुरू केलं असतं, कोणी कुरकुरलं नाही तर रेट कमी पडतोय असं समजून नवीन गिऱ्हाइकाला वाढवला असता.

मित्राचं. मित्र काय करणार ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला वाटतं त्या दोघांनाही ते माहीत नसावं. अर्धी-अर्धी भागीदारी तोंडी ठरते, भांडण मात्र लेखी नोटिशीने होतं. कोड कोणाचा, एकजण सोडून गेला तर काय, पैसे कोणाच्या खात्यात, एवढं लिहून ५०० च्या स्टॅम्प पेपरवर सह्या करा. लिहायची वेळ आली की पाच मिनिटांत कळतं कोण किती सिरियस आहे ते.

आता केटी. स्टॅट्सचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला स्टॅटिस्टिक्समध्ये केटी, यावर हसावं का रडावं कळेना, पण चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, धंद्यालाच हे नडणार आहे. एका टीमने ४ पैकी ३ मॅच जिंकल्या, दुसरीने ५०० पैकी ३००. टक्केवारी लावली तर पहिली ७५ आणि दुसरी ६०, म्हणून पहिलीला वर ठेवणार का? किमान किती मॅच झाल्यावर रँकिंगमध्ये घ्यायचं हे ठरवता येणं, याचंच नाव स्टॅटिस्टिक्स, आणि तो धडा तो वर्गात बसून शिकू शकतो, फी तर भरलेलीच आहे. प्रॅक्टिसला डेटा हवा असेल तर लिचेसवर बुद्धिबळाचे दर महिन्याचे गेम फुकट डाउनलोड होतात, क्रिकशीटवर क्रिकेटचा चेंडूगणिक डेटा आहे, त्यावर एसक्यूएल आणि पायथन या कॉम्प्युटरच्या भाषा घासाव्यात. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हेच सॉफ्टवेअर द्यावं, गाइडला विचारून. धंदा नाही चालला तरी ऐरोली-महापेच्या कंपनीत डेटाच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला पैसे देणारी गिऱ्हाइकं असलेला प्रोजेक्ट घेऊन जाणारा पोरगा वेगळाच दिसतो. दोन वर्षांवर बाहेर पडून डिप्लोमा घ्यायची सोय नवीन शैक्षणिक धोरणात आहे, क्रेडिट ७ वर्षं जपून राहतात, हे त्याला कदाचित कळलं असेल आणि तो तेच पुढे करेल. सोय आहे म्हणून वापरलीच पाहिजे असं नाही ना. एकच वर्ष राहिलंय आणि टुर्नामेंट रात्री असतात, कॉलेज सकाळी. झोपेचं बघावं लागेल एवढंच.

अट घालायचीच असेल तर अशी घाला की केटी सुटली पाहिजे, आणि सलग सहा महिने निदान वीस ऑर्गनायझर महिन्याचे पैसे आठवण न करता भरतायत असं बँकेच्या स्टेटमेंटवर दिसलं, तर डिग्री झाल्यावर एक वर्ष नोकरी न शोधता त्याला हेच करू द्यायचं. वीस हा आकडा माझा अंदाज आहे, घरच्या खर्चाप्रमाणे तुम्ही बदला. तोपर्यंत हिशोबाची एक वही, जमा-खर्च रोजचा, सर्व्हरच्या बिलासकट.

आणि बाबांना सांगा, पॉइंट टेबल बनवायला गेमिंग पीसीचं ग्राफिक कार्ड लागत नाही. आत्ताचा लॅपटॉप चालतो, हळू वाटत असेल तर रॅम वाढवून द्या आणि एसएसडी टाका, डोमेन आणि लहान सर्व्हरचे पैसे त्याच्याच कमाईतून जाऊ देत. पीसी हवाच असेल तर तो खेळायला हवाय, तसं त्याने सरळ सांगावं, मग दिवाळीच्या बोनसचं काय करायचं ते बाप-लेक बघून घेतील.