दादरा-नगर हवेलीच्या वाटेचा खटला: हेगमध्ये जिंकलं कोण?

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९६० साली पोर्तुगाल जिंकला की भारत, असं तुम्ही विचारलंय. आमच्या गोव्यात आजही दोन्ही उत्तरं ऐकू येतात. मी पणजीत वकिली करतो. निकाल वाचल्यावर माझं मत असं, की पोर्तुगालला तत्त्व मिळालं आणि भारताला हवं ते सगळं.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातली दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. पोर्तुगीजांच्याच किनाऱ्यावरच्या दमणहून तिथे कुमक न्यायची तर वाट भारतातून, आणि ती दिल्लीने रोखून धरली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ ला भारतावर दावा ठोकला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याची माणसं कागदोपत्री भलतीच चपळ! भारताने न्यायालयाचा अधिकार मानणारं आपलं जुनं मान्यतापत्र रद्द करून नवं दिलं ते जानेवारी १९५६ मध्ये, म्हणजे दावा दाखल झाल्यावर.

पोर्तुगालची भिस्त पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर होती. त्यात मराठ्यांनी दमणच्या आसपासची वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं देऊ केली होती. न्यायालयाने म्हटलं, हा फक्त महसुलाचा हक्क, राज्य नव्हे. पण पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता गृहीत धरली आणि स्वतंत्र भारतानेही ती मुकाट्याने चालू दिली, म्हणून पोर्तुगालचं सार्वभौमत्व मात्र मानलं गेलं. मला विचाराल तर आपल्या बाजूची सगळ्यात दुबळी जागा हीच.

वाटेबाबत निकाल वेगवेगळा आला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची सव्वाशे वर्षांची वहिवाट ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाली. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना तसा हक्क नाही, हे ठरलं ८ विरुद्ध ७ ने. एका मताने! आणि १९५४ मधल्या तणावात भारताने वाट अडवली त्यात काही बेकायदा नव्हतं, हे ९ विरुद्ध ६ ने.

शिपाई नेता येत नाहीत म्हटल्यावर पोर्तुगालला ती गावं परत घेणं अशक्यच होतं. दिल्लीनेही विलीनीकरणाची घाई केली नाही. निकाल लागेपर्यंत आणि नंतरही वर्षभर कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीकडेच ठेवला. ऑगस्ट १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन करणारी दहावी घटनादुरुस्ती आली. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला के. जी. बडलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान करण्यात आलं होतं.