वाचक विचारतात : चुनखडीच्या गोट्यातला मासा

प्रश्न : माशांचे जीवाश्म बहुतेक वेळा पापडासारखे चपटे असतात. ऑस्ट्रेलियातल्या गोगो इथले मासे मात्र चांगले भरीव दिसतात. असे कसे? (नाशिक)

उत्तर : मासा चपटा होतो तो वर साचलेल्या चिखलाच्या भाराने. ३८ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात समुद्र होता. तिथल्या रीफलगतच्या (समुद्री जीवांनी उभारलेल्या चुनखडीच्या बांधालगतच्या) खोलगट जागी तळाशी प्राणवायू फारच कमी होता, म्हणून मेलेला मासा कुरतडायला कुणी फिरकत नसे. कुजणाऱ्या माशाभोवती जिवाणूंमुळे चुना साकळला आणि चिखल दबायच्या आत त्याचा टणक गोटा झाला. पुढचा सगळा भार गोट्याने झेलला, आतली हाडे जागच्या जागी राहिली.

प्रश्न : एवढी नाजूक हाडे दगडातून मोकळी कशी करतात? छिन्नीने? (पुणे)

उत्तर : छिन्नीने डोक्याची कवटी निघेल, पण कागदाइतकी पातळ हाडे निघणार नाहीत. त्यासाठी सौम्य ॲसेटिक ॲसिड वापरतात, साधारण ५ ते १० टक्क्यांचे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते बुडबुडे सोडत विरघळते. हाड कॅल्शियम फॉस्फेटचे, ते टिकते. पण पूर्ण सुरक्षित नसते, म्हणून द्रावणात आधीच थोडे कॅल्शियम फॉस्फेट घालून ठेवतात. पाण्यात ॲसिड ओतायचे, ॲसिडमध्ये पाणी नाही. आणि वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करायचे.

एक-दोन मिलिमीटर हाड उघडे पडले की गोटा बाहेर काढून धुवायचा, वाळवायचा, उघड्या हाडावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइडचा (हाड पक्के धरणाऱ्या ॲक्रिलिक राळेचा) पातळ हात द्यायचा आणि पुन्हा ॲसिडमध्ये ठेवायचा. असे महिनोन् महिने चालते. घात होतो तो धुण्याच्या घाईत. जितके दिवस ॲसिड, त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट दिवस पाणी बदलत राहायला हवे. नाहीतर चुनखडी विरघळून तयार झालेले आणि हाडाच्या छिद्रांत उरलेले कॅल्शियम ॲसिटेट वाळताना स्फटिक धरते आणि हाड आतून फोडते. पॅरालॉइडचा हात जाड झाला तर खालचा दगड ॲसिडला मिळतच नाही.

या चिकाटीचे फळ पाहा. २००५ साली सापडलेला एक मासा ॲसिडमध्ये सोडवताना त्याच्या पोटात इवली हाडे दिसली. आधी ते शेवटचे जेवण वाटावे; पण हाडे चावलेली नव्हती, मोठ्या माशाच्याच जातीची होती आणि शेजारी पिळदार नाळ दगड होऊन राहिली होती. पिल्लाला जन्म देणारी मादी! २००८ साली तिला नाव मिळाले मॅटरपिसिस, म्हणजे ‘आई-मासा’.

हृदय, यकृत यांचे ठसे मात्र ॲसिडमध्ये हरवू शकतात. म्हणून आता गोटा आधी स्कॅन करतात. न्यूट्रॉन आणि सिंक्रोट्रॉन किरणांच्या (कणप्रवेगकातून मिळणाऱ्या प्रखर क्ष-किरणांच्या) मदतीने २०२२ साली गोगोच्याच चिलखती, म्हणजे हाडांच्या पत्र्यांनी झाकलेल्या, माशांचे इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, दोन कप्प्यांचे हृदय दिसले. आमच्या मते स्कॅनआधी ॲसिड आता समर्थनीय नाही.

प्रश्न : सिरोंच्याजवळ फरशीसारख्या दगडात चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे दिसले. घरच्या व्हिनेगरमध्ये टाकून पाहू का? (गडचिरोली)

उत्तर : कृपया नको. ते ज्युरासिक काळातल्या लेपिडोटिससारख्या माशाचे खवले असू शकतात. सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या (राजस्थानातल्या नव्हे) चुनखडीत ते पूर्वीपासून सापडतात. व्हिनेगर म्हणजे ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिडच. खवल्यांना धरून ठेवणारी चुनखडी त्यात विरघळेल आणि मासा खवल्याखवल्याने विस्कटेल. दगड उचलूही नका. शेजारी नाणे ठेवून जवळून आणि लांबून फोटो घ्या, दगड कोणत्या थरात आहे ते टिपा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. थरातून सुटलेल्या दगडाचे वय सांगणे फार अवघड होते.