टीव्ही-ओटीटी कंपन्यांच्या अहवालातली स्त्रियांची टक्केवारी कितपत धरून चालावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यात मास कॉमचं शिक्षण संपवून टीव्ही किंवा ओटीटीत शिरायचं, तर कंपन्या छापतात ती स्त्रियांची आणि दिव्यांगांची टक्केवारी बघून कंपनी निवडावी का. मी इथेच एडिटिंग करते, बहुतेक काम फ्रीलान्स. आकडा खोटा नसतो, पण तो कोणाकोणाला मोजून काढलाय हे आधी बघा.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, द्यावाच लागतो. कायम कर्मचारी, कायम नसलेले, स्त्री-पुरुष, दिव्यांग, संचालक मंडळातल्या स्त्रिया, सगळं त्यात असतं. नेटफ्लिक्सची भारतातली कंपनी मात्र इथे सूचीबद्ध नाही, त्यामुळे तिला हे बंधनच नाही.

खरी मेख पुढे आहे. चॅनल बहुतेक मालिका स्वतः बनवत नाही, निर्मिती संस्थेकडे सोपवतं, आणि ती संस्था पर डे, म्हणजे रोजंदारीवर, माणसं घेते. एखाद्या सेटची कॉल शीट, म्हणजे त्या दिवशी कोणी कामावर यायचं याची यादी, वाचून बघा. मेकअप, हेअर, कॉस्च्युममध्ये बायकांची नावं दिसतात. कॅमेरा, लाइट, साउंडवर आलात की बहुधा पुरुषच. यातलं एकही नाव चॅनलच्या पगारपत्रकावर नसतं, म्हणून अहवालातही नसतं. पडद्यावर जे दिसतं ते ज्यांनी उभं केलं तेच मोजणीतून बाहेर, याचा मला मनापासून राग येतो. त्यांना मोजणं अशक्य आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१६ पासून बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ वगैरे मिळून ‘डायमंड’ नावाची नोंद ठेवतात. ती कार्यक्रमागणिक होते आणि त्यात फ्रीलान्सरही येतात.

जातीचा रकाना बीआरएसआरमध्ये नाहीच. ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री ही बातम्यांची वेबसाइट यांनी २०१९ मध्ये बातम्यांच्या क्षेत्रातली नेतृत्वाची १२१ पदं तपासली, तेव्हा १०६ जागी सवर्ण निघाले आणि अनुसूचित जाती-जमातींतलं कोणीच नव्हतं. बाहेरच्यांनी मोजलं म्हणून निदान एवढं तरी कळलं.

तरी अहवाल बाजूला टाकू नका. एकूण टक्केवारीपेक्षा दोन गोष्टी बघा: स्त्री-पुरुषांच्या पगाराचा मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो), आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांपैकी पुढे किती टिकल्या. भरती करून दाखवणं सोपं असतं. नाइट शिफ्ट आणि तान्हं मूल सांभाळून बाई टिकते की नाही, ते या दुसऱ्या आकड्यात दिसतं.

निर्मिती संस्थेत जात असाल तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत कोण आहे हे पहिल्याच भेटीत विचारा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ती समिती लागतेच. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवरच्या, कंत्राटी आणि बिनपगारी इंटर्न मुलींनाही लागू आहे, त्यामुळे ‘तुम्ही आमच्या स्टाफवर नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.